टाळूवरचं पाणी

ही हकीकत सांगायला मला कधी कुणी बंदी केली नव्हती. उलट विचारणारे होते. दरवर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला, की आमच्या चर्चचे तरुण फादर घरी येतात, चहा घेतात आणि म्हणतात, "आजोबा, जुन्या मिशनशाळेतली सेवा कशी असायची, ते एकदा आमच्या मुलांना सांगा ना." मी खोकल्याचं निमित्त करतो. एका वर्षी मोतीबिंदूचं केलं. एका वर्षी तर धडधाकट असताना सरळ लेकीकडे नांदेडला निघून गेलो. फादरांना वाटतं, म्हातारा लाजाळू आहे. मी लाजाळू नाही. मी भित्रा आहे.

यंदा पुन्हा पळस फुलला. हिंगोलीहून वारंगा फाट्याकडे जाताना पूर्वी दोन्ही अंगांनी पळसच पळस असायचा. आता सोयाबीन निघून गेलेली मोकळी काळी रानं असतात, मध्ये एखादं हरभऱ्याचं वाळलेलं शेत, आणि कुठंतरी बांधावर राहून गेलेलं एकच झाड. पान एकही नाही, नुसती फुलं. जीपच्या खिडकीतून तो रंग दिसला, की माझ्या तोंडाला कोरड पडते. शेजारी बसलेला माणूस विचारतो, "गुरुजी, पाणी देऊ का?" मी नको म्हणतो. पाणी हा शब्दसुद्धा या दिवसांत मला नकोसा होतो.

उपवासकाळ लागतो त्या राखेच्या बुधवारी फादर कपाळावर राख लावतात आणि म्हणतात, तू माती आहेस. लहानपणी त्या राखेची मोठी गंमत वाटायची. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये वाटलेल्या, आता वाळलेल्या झावळ्या जाळून ती करायची असे, आणि जाळायचं काम आम्हा बोर्डिंगच्या मुलांकडे होतं. धूर डोळ्यांत जायचा, हात काळे व्हायचे, आणि मग एकमेकांच्या मिशा काढायच्या.

शाळा कयाधूच्या काठावर होती. कौलारू, लांबट, चहूकडे कडुनिंब. एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला सिस्टरांचा दवाखाना. निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शन अजून दोन-तीन वर्षं पुढे होती. आसपासच्या गावांतली शेतकऱ्यांची मुलं दिवसा शिकायला येत आणि धर्मशिक्षणाच्या तासाला बाहेर हुतूतू खेळत. आम्ही थोडी ख्रिस्ती मुलं आत बसायचो आणि कान बाहेर ठेवायचो. माझे वडील मिशनचे गाडीवान. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आजोबांच्या काळात आमचं घर ख्रिस्ती झालं होतं. माझं नाव पीटर ठेवलं होतं, पण फाटकाबाहेर ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही.

धर्मशिक्षण लाजरस मास्तर देत. उंच, कोट घालणारे, हळव्या मनाचे. त्या उपवासकाळात त्यांनी आम्हाला अडचणीच्या वेळचा बाप्तिस्मा शिकवला. फादर जवळ नसतील आणि तान्हं मूल मरणाच्या दारात असेल, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पुरुष, बाई, शाळकरी मुलगाही. पाणी पाहिजे, शब्द पाहिजेत, मन पाहिजे. सरावाला त्यांनी स्वयंपाकघरातून एक लाल भोपळा आणला, त्याला फडक्यात गुंडाळलं आणि बाकावर ठेवला.

"पाणी वाहिलं पाहिजे," मास्तर म्हणाले. "नुसता ओला हात फिरवायचा नाही. आणि शब्द पाण्याच्या बरोबरीनं. आधी पाणी, मग शब्द, असं चालणार नाही. सरावाला शब्द मनात म्हणा."

एकानं अख्खा तांब्या उपडा केला. मास्तर ओरडले, "अरे, वाचवायचंय त्याला, बुडवायचं नाही!" रात्रीच्या जेवणात भोपळ्याचीच भाजी आली, तेव्हा पंगतीत कुजबुज झाली, "आज ख्रिस्ती भाजी हाय रं, नीट जेवा." मी हसलो नाही. माझ्या हातून पाणी सारख्या धारेनं पडलं होतं आणि मास्तर म्हणाले होते, "हा बघा, असा हात पाहिजे." ते वाक्य मी झोपेपर्यंत मनात घोळवत राहिलो.

स्वयंपाकघराबाहेर एक मोठं मडकं असायचं. कुणी दुसरी भाकरी सोडली, की तिच्या वाटची मूठभर ज्वारी त्यात पडायची. ईस्टरला ती दळून भाकऱ्या करायच्या आणि गोरगरिबांना वाटायच्या. आम्ही पोरं त्या मडक्याभोवती चढाओढ लावायचो. मी खूप भाकऱ्या सोडल्या. पण भोपळ्याच्या तासानंतर मुठीचं कौतुक वाटेना. मला आता ज्वारी नको होती. मला एक जीव पाहिजे होता, देवाच्या ओंजळीत टाकायला. तान्हं मूल मरायला टेकलेलं असेल अशी जागा मी मनातल्या मनात शोधत होतो, हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

जागा सापडली. नदीपलीकडच्या तांड्यावर हगवण-ओकारी लागली होती. कयाधू आटलेली, माणसं वाळूत झिरे खणून पाणी भरत, त्याच झिऱ्यांवर गुरं. सिस्टर लुसी आम्हा चार मुलांना घेऊन निघाल्या. त्या मंगळूरकडच्या, मराठी मोडकं बोलत, पण पोरांच्या पोटाला हात लावला की पोरं रडायची थांबत. आबांच्या गाडीत उकळून गार केलेल्या पाण्याची मडकी, तांदूळ, गूळ, मीठ. होळी होऊन चार दिवस झाले असतील. तांड्यावर होळीची गाणी दिवसचे दिवस चालतात. त्या वर्षी राखेच्या ढिगाऱ्याभोवती कुणी नव्हतं.

सोमलीची झोपडी कडेला होती. सोमली पंचविशीच्या आतबाहेरची, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आरशांची कांचळी, आणि बोलणं तडतड. नवरा बैल घेऊन दूर गेलेला. मांडीवर हरिया, अंगावर पिणारं पोर. चारेक वर्षांची थोरली, चांदी, दाराशी बसून आमच्या गाडीच्या बैलांना नावं ठेवत होती. सिस्टरांनी पातळ पेज केली, मीठ-गूळ घातला आणि सोमलीला दाखवलं. चमच्यानं. थोडी थोडी. ओकलं तरी पुन्हा. "थांबायचं नाही, हं?" म्हणाल्या आणि मला तिथं बसवून पुढच्या झोपडीत गेल्या.

"तुजं नाव काय रं?" सोमलीनं विचारलं.

"पीटर."

"पित्तर?" ती त्या अवस्थेतही हसली. "जित्तं पोरगं अन् नाव पित्तर! तुज्या याडीला दुसरं सुचलं न्हाई का?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

बराच वेळ ती पेज भरवत राहिली. मग हरियानं मान टाकली. डोळे वर गेले, ओठ निळसर झाले. सोमली पेज आणायला चुलीकडे वळली होती. मी मडक्यातून तांब्या भरला आणि त्याच्या टाळूवर धार धरली. शब्द म्हटले. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. हात भोपळ्यावर होता तसाच स्थिर होता.

सोमलीनं माझं मनगट धरलं. "आरं, काय करून राहिला?"

खरं सांगायला एवढाच क्षण होता. मी म्हटलं, "औषध आहे. डोक्यावरचं."

"अन् तोंडात काय पुटपुटतुस?"

"औषधाचं नाव घ्यावं लागतं."

गार पाण्यानं हरिया दचकला. कण्हला, मग रडला. बारीक, चिरक्या आवाजात, पण रडला. सोमलीनं त्याला छातीशी धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की तसं नंतरच्या आयुष्यात माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. चुलीवरची पेज तिनं संध्याकाळपर्यंत भरवली, सिस्टर दोनदा येऊन बघून गेल्या, दिवस मावळता पोरानं लघवी केली आणि सिस्टर म्हणाल्या, "आता हा राहणार." मला हे सगळं दिसत होतं. पेज कुणी केली, कुणी भरवली, सगळं. पण सोमलीला फक्त टाळूवरची धार आठवत होती, आणि ती मला खोडून काढायची नव्हती.

लाजरस मास्तरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. औषध म्हणून सांगितलं, हे मी गाळलं. ते म्हणाले, "शुभ शुक्रवारी क्रूस तू धरायचास." शुभ शुक्रवारी, म्हणजे प्रभूच्या मरणाच्या दिवशी, आम्ही शाळेच्या आवारातून क्रुसाची वाट चालायचो, चौदा ठिकाणी थांबून प्रार्थना, आणि सगळ्यांत पुढे लाकडी क्रूस घेतलेला एक मुलगा. मोठी मुलं त्यासाठी वर्षभर शहाण्यासारखी वागायची. तो मान मला मिळाला. फादर मात्र काळजीत पडले. "मूल जगलं, देवाची कृपा. पण आता ते आपलं झालं, आणि त्याच्या आईला ठाऊक नाही. तू जात जा तिच्याकडे. नातं ठेव. पुढे बघू." म्हणजे दर रविवारी तांड्यावर जायला मला परवानगीच मिळाली.

मी जायचो. सोमली भाकरीवर मिरचीचा ठेचा द्यायची. चांदी माझ्यामागे "पित्तर आला, पित्तर आला, कावळ्याला भात घाला" म्हणत नाचायची. तिसऱ्या रविवारी एक शेजारीण तापलेलं पोर घेऊन आली. "ह्याच्या बी टाळूवर घाल रं." मी नाही म्हणायला हवं होतं. ते मूल मरायला टेकलेलं नव्हतं, बाप्तिस्म्याचा प्रश्न नव्हता. मी नुसतंच पाणी घातलं आणि ओठ हलवले. ताप दुसऱ्या दिवशी आपोआप उतरला. मग आणखी दोघीतिघी आल्या. मला ते आवडत होतं. यापेक्षा सभ्य शब्द मी आजवर शोधत होतो, नाही सापडला. चौदा वर्षांच्या गाडीवानाच्या पोरापुढे बायका पदर पसरत होत्या, आणि मला ते आवडत होतं.

एकदा दवाखान्याच्या ओट्यावर पट्ट्या गुंडाळताना सिस्टर लुसी म्हणाल्या, "तांड्यावरून आता कोणी येत नाही. आजार गेला काय?" मी म्हटलं, "गेला असेल."  त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेऊन पुन्हा नीट गुंडाळली.

या मधल्या दिवसांची माझ्याजवळ वेगळीच चित्रं आहेत. खळ्यावर उफणलेल्या ज्वारीचं भूस उन्हात उडतंय. मोहाचा गोडसर, डोकं धरणारा वास. वाळूत खणलेल्या झिऱ्यात हळूहळू चढणारं पाणी आणि त्याच्याकडे पाहत बसलेली चांदी, ओंजळ तयार ठेवून. ती नेहमी पाणी पुरतं चढायच्या आधीच हात घालायची आणि गढूळ करायची. "आगं दम धर की!" मी ओरडायचो. ती म्हणायची, "तूच दम धर. मला ताहान लागली."

पवित्र सप्ताहात शाळेत मौन असायचं. गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. घंटासुद्धा वाजवायची नाही, लाकडी खुळखुळा फिरवायचा. आम्हाला सांगितलं होतं, की या मौनात देव काय बोलतो ते ऐका. आज चर्चमध्ये दोन तासांचं मौन ठेवतात आणि मुलं मोबाईल बंद करून बसतात. त्या शांततेत मला देव कधी ऐकू आला नाही. मला एका बाईची हाक ऐकू येते.

शुभ शुक्रवारी दुपारी वाट सुरू झाली. ऊन असं, की जमिनीवर अनवाणी पाय ठरत नव्हते. क्रूस माझ्या खांद्यावर, मागे मास्तर, मुलं, सिस्टर, आणि शेवटी फादर. चौथ्या ठिकाणाजवळ वाट फाटकाच्या अगदी जवळून जाते. तिथं आबा राखणीला बसले होते. आणि फाटकाच्या गजांपलीकडे सोमली उभी होती. खांद्यावर चांदी. चांदीचे पाय लोंबत होते. त्या पायांत एरवी क्षणाची उसंत नसे.

"ए पित्तर!" तिनं मला पाहिलं. "आरं पित्तर, पानी दे रं! तुज्या हातचं पानी दे!"

सगळ्या रांगेनं ऐकलं. कुणी मान वळवली नाही. मौन होतं, आणि तांड्यावरची बाई माझ्याच हातचं पाणी का मागते ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. मास्तरांनी मात्र माझ्याकडे पाहिलं. भुवई किंचित वर. मी त्या वेळी क्रूस खाली ठेवला असता आणि म्हटलं असतं, सिस्टर, धावा, तर माझं मौन मोडलं असतं, बाकी काही मोडलं नसतं. देव रागावला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण सिस्टर धावल्या असत्या, तर सोमलीनं त्यांना सांगितलं असतं की या पोराचं टाळूवरचं औषध पाहिजे. आणि सिस्टरांनी विचारलं असतं, कसलं औषध? सगळ्या शाळेसमोर. क्रूस खांद्यावर असताना.

मी मान खाली घातली आणि पाचव्या ठिकाणाकडे चालू लागलो.

पुढचं मला आबांनी सांगितलं. ते तिला म्हणाले, "बाई, तिकडं दवाखान्यात जा. लई तकलीफ व्हत आसंल लेकराला, चल मी नेतो." ती म्हणाली, "दवाखाना नगं. त्या पोराचा हात पायजे." आबांनी दवाखान्यातल्या मदतनीस बाईला बोलावून आणलं. ती पेजेचं भांडं घेऊन फाटकाशी आली. तीच पेज, मीठ-गूळ घातलेली. सोमलीनं भांडं बाजूला सारलं. "ह्यानं काय व्हतंय? हरिया पेजेनं न्हाई वाचला. पान्यानं वाचला." आणि ती फाटकाबाहेरच्या चिंचेखाली बसून राहिली, आम्ही चौदा ठिकाणं पुरी करीपर्यंत.

प्रार्थना संपल्यावर मी चर्चच्या सामानाच्या खोलीत गेलो. वेदीवरची वस्त्रं घडी करायचं काम माझं नव्हतं. मी ते घेतलं. एकेक घडी पुन्हा मोडून पुन्हा घातली. बाहेर आलो, तेव्हा चिंचेखाली कुणी नव्हतं.

"गेली," आबा म्हणाले. "म्हनली, तांड्यावर भगताला दाखवती. पीटऱ्या, तुलाच मागून राहिली व्हती ती. काहून रं?"

मी मौनाची खूण केली. बोट ओठांवर. 

चांदी नदीतच गेली, वाळूत, तांडा समोर दिसत असताना. ईस्टरच्या दिवशी मडक्यातल्या ज्वारीच्या भाकऱ्या झाल्या. फाटकाबाहेर माणसं बसली होती, आम्ही वाढत होतो. माझ्या सोडलेल्या भाकऱ्याही त्यात होत्या. तांड्यावरून कुणी आलं नव्हतं. आबा बैलांना पाणी दाखवून आले आणि पंगतीच्या कडेला उभे राहून हळूच म्हणाले, "त्या सोमलीची थोरली गेली रे." माझ्या हातात भाकऱ्यांची दुरडी होती. मी पुढच्या माणसाला वाढलं. त्याच्या पुढच्याला वाढलं.

सोमली मला भेटली ती डोंगरकडा गावच्या बाजारात, पुढच्या महिन्यात. मी पळून जाणार होतो, तिनंच गाठलं. मला रडू फुटलं. मला वाटलं, आता ती बोलेल, बाजार गोळा होईल, आणि एकदाचं संपेल. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

"तू काहून रडतु? तुजा काय दोस? तू देवाच्या कामात व्हता. मीच खळ्यावर गेले सकाळी मजुरीला. पोरगी म्हनली, याडी, पोट दुखतंय. म्या म्हनलं, आल्यावर बघू. सकाळीच निगाले आस्ते तर तू घावला आस्तास. माज्याच पायानं उशीर केला."

तेव्हा बोलायला हवं होतं. पण तिनं माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले, आणि मी ते खाल्ले.

मग काळ बिघडला. शाळा बंद पडली, माणसं जीव घेऊन इकडंतिकडं झाली, आम्ही जालन्याकडे गेलो. पोलीस ॲक्शननंतर मी शिकलो, शिक्षक झालो, फिरत फिरत सेनगावला आलो. सोमलीचा विसर पडला असता तर बरं झालं असतं असं वाटायचं. पण ती वर्षा-दोन वर्षांनी कुठं ना कुठं भेटायचीच. बसस्टँडवर, जत्रेत, कचेरीत. सोबत हरिया. उंच, मिशाळ, रांगडा. ती सगळ्यांना सांगायची, "ह्येच ते पित्तर गुरुजी. ह्येंच्या पान्यानं वाचलेलं हे पोरगं." हरिया पाया पडायचा. फादरांच्या दृष्टीनं तो ख्रिस्ती होता; त्याला ते आयुष्यभर कुणी सांगितलं नाही, आणि फादरही कधीच बदलून गेले होते. हरियाला पहिला मुलगा झाला, तेव्हा सोमली त्याला घेऊन माझ्या दारात आली. पोर धडधाकट होतं. "टाळूवर घाल रं थोडं. म्हंजी काळजी न्हाई." मी तोवर दोन लेकरांचा बाप होतो, मुलांना विज्ञान शिकवत होतो, हात धुवा, पाणी उकळा म्हणत होतो. बायको दारात उभी राहून बघत होती. मी आतून तांब्या आणला आणि घातलं.

पापनिवेदन मी पुष्कळदा केलं. निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या फादरांपुढे. एका बाईशी खोटं बोललो, असं सांगायचो. ते विचारायचे, तिचं काही नुकसान झालं का? मी म्हणायचो, तिला वाईट वाटलं. प्रार्थना सांगितल्या जायच्या, मी म्हणायचो, क्षमा व्हायची. माझा देवावरचा विश्वास कधी ढळला नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यावरही नाही. आजही नातवंडांच्या डोक्यावर फादर पाणी घालतात, तेव्हा माझे डोळे भरतात. पण क्षमा जिथून मागायला हवी होती, ते दार तांड्यावर होतं आणि मी चर्चच्या दारात उभा राहत होतो.

स्वतःची समजूत घालायला माझ्याकडे एक चांगलं कारणही होतं. तिला खरं सांगितलं, तर तिच्या हातून तिचा चमत्कार जाईल. एवढ्या वर्षांच्या आयुष्यात तिच्यापाशी तेवढी एकच भाग्याची गोष्ट होती, ती मी का काढून घ्यावी? हे कारण मी इतकं वापरलं, की ते मला दयेसारखं दिसू लागलं. त्याच्या पलीकडची बाजू मी पाहत नव्हतो. चमत्काराबरोबर तिच्याकडे आणखी एक गोष्ट मी ठेवली होती. तो उशीर.

शेवटची भेट काही वर्षांपूर्वीची. तांडा आता सिमेंटचा झालाय, घरांवर टीव्हीच्या थाळ्या. सोमली अंगणात बाजेवर होती. डोळे गेलेले. आवाजावरून ओळखलं.

"पित्तर गुरुजी का? बस. अजून जित्ताच हाईस का रं?" आणि पूर्वीसारखी हसली. सुनेनं चहा आणला. पोरं शाळेतून आली, गेली. सोमली बराच वेळ बांगड्यांशी चाळा करत होती.

"एक सांग मला. तू शिकल्याला मानूस. खोटं सांगू नगं." तिनं माझा हात चाचपून धरला. "त्या दिशी मी येळंवर आले आस्ते, तर चांदी जगली आस्ती का?"

सुनेनं आतून टीव्ही बंद केला होता. अंगणात कुणी नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या क्षणाला टाळत आलो, तो कुणीतरी माझ्यापुढे जेवणाच्या ताटासारखा आणून ठेवला होता. मी तोंड उघडलं. तिचे मिटलेले डोळे माझ्याकडे होते.

"देवाची मर्जी, सोमलीयाडी," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "व्हय," म्हणाली. "देवाची मर्जी. पर पाय माजेच जड झाले व्हते." आणि माझा हात सोडला.

पावसाळा लागायच्या आत ती गेली. हरियाचा निरोप आला. मी मातीला गेलो, मागे उभा राहिलो, कुणीतरी पुढं बोलावलं म्हणून पुढं गेलो. हरियानं मला तांब्या दिला. "गुरुजी, तुमच्या हातानं," म्हणाला. मी पाणी दिलं.

यंदा फादर पुन्हा आले होते. मी चहा दिला आणि म्हटलं, लिहून देतो. मुलांना वाचून दाखवायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. हे मुलांसाठी नाहीच. जिला हे सांगायचं होतं, तिला वाचता येत नव्हतं आणि आता ऐकताही येणार नाही. त्या दिवशी अंगणात, तिनं हात धरला असताना, मला एवढंच म्हणायचं होतं:

सोमलीयाडी, त्या पाण्यात औषध नव्हतं. मी खोटं बोललो होतो. हरिया तू भरवलेल्या पेजेनं जगला, तुझ्या हातानं. चांदीलाही तीच पेज लागत होती, आणि ती तू माझ्यामुळं परत केलीस. मी तुला फाटकात पाहिलं होतं. तुझी हाक ऐकली होती. मला येता येत होतं, मी आलो नाही. तू उशिरा आली नव्हतीस, याडी. तुला उशीर झालाच नव्हता. माझं चुकलं.